मोठ्या संख्येची झडती

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या आज उभी-आडवी तपासायची आहे. तिला कशाने भाग जातो, कशाने जात नाही, विभाजक किती, ती कुणाचा वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते का, हे सगळं हाताने काढायचं. सामान म्हणजे रेघांची वही, पेन्सिल आणि खोडरबर. एक दुपार पुरते.

मी दापोलीतल्या एका पतसंस्थेत रोखपाल होते. नोकरी संपली तरी आकड्यांची खोड काही जात नाही. गॅसचं बिल आलं तरी रकमेआधी ग्राहक क्रमांकाला ३ ने भाग जातो का ते बघते. पावसाळ्यात आमच्याकडे एखादी फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा अशी संख्या घेऊन ओटीवर बसायला बरं पडतं. पण हाताने करा म्हणते त्याचं कारण वीज नाही. माझ्या भाच्याने हीच संख्या एक्सेलच्या चौकटीत घातली, एंटर दाबलं, आणि समोर आलं १२३४५६७८९८७६५४३००. "आत्या, शेवटचे २१ कुठे गेले?" गेले कुठे म्हणजे, एक्सेल पहिले पंधरा अंक धरतं आणि पुढे शून्यं लावून मोकळं होतं. एकक स्थानी १ च्या जागी ० आला की विषम संख्या सम झाली, तिला ५ ने भाग जायला लागला, १०० नेही जायला लागला. झडती सुरू व्हायच्या आधीच पुरावा बदलला! तेव्हा यंत्र वापरायचंच असेल तर आधी ते किती अंक सांभाळतं ते विचारा.

आणि दुसरी गोष्ट, लगेच भागाकाराला बसू नका. संख्या मोठी असली की माणूस घाबरून २ ने, ३ ने, ७ ने असं भागत सुटतो. आधी तिची ठेवण बघायची. निम्मं काम तिथेच होतं.

लिहायची कशी

लाख-कोटीचे स्वल्पविराम पैशांसाठी ठीक आहेत, इथे ते आड येतात. पुसून टाका. संख्या तीनदा लिहा: एकदा सलग, एकदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून, एकदा दोन-दोनचे करून.

१२ ३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१
१ २३ ४५ ६७ ८९ ८७ ६५ ४३ २१

गट नेहमी उजवीकडूनच पाडायचे. डावीकडून पाडले की पुढचं सगळं चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही.

वाचायची हौस असेल तर भास्कराचार्यांनी दिलेली जुनी नावं वापरा. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. आपली संख्या सतराव्या स्थानापासून सुरू होते: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, आणि मग दहा कोटींच्या घरात ९. पुढचं तुम्हाला येतंच.

हात बसवायला पिनकोड

सतरा अंकांवर एकदम उडी नको. आधी घराचा पिनकोड घ्या. सहा अंकी असतो, तोंडपाठ असतो, १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या सगळ्यांच्या पत्त्यात आहे.

आमच्या दापोलीचा ४१५७१२. शेवटचे दोन अंक १२, त्याला ४ ने भाग जातो, म्हणजे अख्ख्या संख्येला जातो. शेवटचे तीन ७१२, त्याला ८ ने जातो. शेवटचे चार ५७१२, १६ ने जातो. शेवटचे पाच १५७१२, ३२ ने जातो. ४१५७१२ भागिले ३२ म्हणजे १२९९१, विषम, तिथे २ चं काम संपलं.

आता ११ ची कसोटी. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा: १ − ९ + ९ − २ + १ = ०. शून्य आलं, भाग जातो. १२९९१ = ११ × ११८१. आता ११८१ फुटते का? हिचं वर्गमूळ ३४ च्या आसपास, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्यापुढे जायचं कारण नाही. संख्येचे दोन भाग पडत असतील तर त्यातला एक तरी वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, कुणानेच जात नाही. म्हणजे ११८१ मूळ. दापोली = २⁵ × ११ × ११८१.

शेजारचं हर्णै ४१५७१३. अंकांची बेरीज २१, म्हणून ३ ने भाग जातो, उरतात १३८५७१. आणि ही मात्र काही केल्या फुटत नाही. वर्गमूळ ३७२ आणि थोडं, त्यामुळे ३६७ पर्यंतच्या ७३ मूळ संख्यांची पाळी येते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच. ३१ ने भागलं तर १ उरतो, १४९ ने भागलं तरी १ उरतो, अगदी चिडवल्यासारखं. म्हणजे १३८५७१ स्वतःच मूळ. एकाच तालुक्यातले, एका आकड्याने पुढे-मागे असलेले हे दोन पिनकोड. एकाला चोवीस विभाजक आणि दुसऱ्याला अवघे चार. संख्येच्या शेजाऱ्यावरून संख्येबद्दल काहीही कळत नाही.

हे चोवीस कुठून आले? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. ५ चे ६, १ चे २, पुन्हा १ चे २. ६ × २ × २ = २४. आंब्याच्या पाच डझनी पेटीत ६० फळं, ६० = २² × ३ × ५, विभाजक ३ × २ × २ = १२. म्हणून ती पेटी दोघांत, तिघांत, चौघांत, पाचांत, सहांत, कशीही वाटली तरी फळ कापावं लागत नाही. कुणी मोठ्या मनाने एक आंबा वर घातला की झाले ६१, मूळ संख्या, आणि वाटणीचा खोळंबा.

नऊची कसोटी आणि तिची खोट

अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यातली असेल तर संख्येला ९ ने भाग जातो, हे शाळेत सगळे शिकतात. आमच्या धंद्यात तिचा वेगळा उपयोग. संध्याकाळी तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची गोळाबेरीज, जुळत नाही, फरक येतो २७०. आधी फरकाला ९ ने भागायचं. भाग गेला तर बहुधा कुठेतरी शेजारचे अंक उलटसुलट पडले आहेत. २७० भागिले ९ म्हणजे ३०. यातला ३ सांगतो की त्या दोन अंकांत तिनाचा फरक आहे, आणि मागचं शून्य सांगतं की अदलाबदल दशक आणि शतकाच्या जागी झाली. मग खतावणीत तेवढ्याच नोंदी बघायच्या. ५४७२ च्या जागी ५७४२ लिहिलेले सापडतात. पूर्ण कीर्द चाळावी लागत नाही.

पण याच कारणाने नऊची कसोटी पडताळ्याला लंगडी आहे. अंक उलटे झाले तरी बेरीज तीच राहते, ५४७२ ची १८ आणि ५७४२ चीही १८. कसोटी म्हणते सगळं ठीक. तिथे ११ लावायची. ५४७२ साठी २ − ७ + ४ − ५ = −६, आणि ५७४२ साठी २ − ४ + ७ − ५ = ०. लगेच पकडला. मोठी संख्या वहीत उतरवून घेतलीत की ९ आणि ११ दोन्ही लावून मूळ प्रतीशी ताडून बघा. एकीवर भागवू नका.

आपल्या संख्येची अंकांची बेरीज: १ ते ८ ची बेरीज ३६, ती दोनदा, म्हणजे ७२, मधला ९ मिळून ८१. ९ ने तर भाग जातोच. ८१ ने जातो का, हे मात्र बेरजेवरून ठरत नाही. ९ पर्यंतच ही कसोटी खरी. अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जाईलच असं समजू नका.

तीन-तीन, दोन-दोन, चार-चार

आता ते गट कामाला येतात. ९९९ = २७ × ३७. म्हणून तीन-तीनचे गट नुसते मिळवायचे, बेरजेला २७ ने किंवा ३७ ने भाग गेला तर संख्येला जातो.

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७.

२९९७ म्हणजे ३ × ९९९. दोन्हींनी भाग जातो. सतरा अंकी संख्येला ३७ ने भाग जातो हे एका बेरजेत कळलं, लांबलचक भागाकार करावा लागला नाही.

तेच गट एकाआड एक मिळवत-वजा करत गेलात तर १००१ ची कसोटी होते, आणि १००१ = ७ × ११ × १३. एका दगडात तीन पक्षी:

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९.

३०९ ला ७ ने भागलं तर १ उरतो, ११ ने भागलं तर १, १३ ने भागलं तर १०. तिन्ही बाद झाले.

दोन-दोनचे गट असेच एकाआड एक केले की १०१ कळतो: २१ − ४३ + ६५ − ८७ + ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = १. चार-चारचे केले की १०००१, म्हणजे ७३ × १३७: ४३२१ − ८७६५ + ६७८९ − २३४५ + १ = १.

इथे थांबा. ११ ने बाकी १, १०१ ने १, ७३ ने १, १३७ ने १. दरवेळी एकच. असं दिसलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि विचार करायचा. ही संख्या काहीतरी सांगू बघते आहे, आणि काय ते पुढे कळेल.

वर्ग आहे का

वर्गमूळ काढायच्या आधी दोन चाळण्या लावा. वर्गसंख्येच्या एककात २, ३, ७, ८ कधी येत नाहीत. आपल्याकडे १ आहे, चालेल. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली की वर्गाला १, ४, ७ किंवा ९ च उरतो. ८१ चे ९, चालेल. दोन्हीतून पार पडली, म्हणजे वर्ग असू शकते, आहेच असं नाही.

आता शाळेतलं भागाकाराच्या रीतीचं वर्गमूळ. आजकाल मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, पण या संख्येवर करून बघाच. दोन-दोनच्या नऊ जोड्या आहेत, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी येणार. पहिली जोडी १, मूळ १, बाकी ०. पुढची २३ खाली घ्या, भाजक २१, बाकी २. ४५ घ्या, झाले २४५, भाजक २२१, बाकी २४. ६७ घ्या, २४६७ उणे २२२१, बाकी २४६. ८९ घ्या, २४६८९ उणे २२२२१, बाकी २४६८. इथवर बाकीतले अंक चढत जातात. मधला डोंगर ओलांडला की उतरण लागते: २४६८८७ उणे २२२२२१, बाकी २४६६६. मग २४६६६६५ उणे २२२२२२१, बाकी २४४४४४. मग २४४४४४४३ उणे २२२२२२२१, बाकी २२२२२२२. आणि शेवटी २२२२२२२२१ उणे २२२२२२२२१, बाकी शून्य. प्रत्येक पायरीला मूळात १ च वाढतो.

म्हणजे आपली संख्या = १११११११११².

चढत जाऊन उतरणाऱ्या या संख्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या आवडत्या. त्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. कापरेकरही आपल्या किनाऱ्यावरचेच, १९०५ साली डहाणूला जन्मलेले. नंतर निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. विद्यार्थीदशेत, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. ते परांजपे म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम, आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे त्यांचं नाव सगळीकडे झालं, पण मला त्यांच्या डेम्लोच जास्त जवळच्या.

आणि ती सतत उरणारी १? नऊ एक म्हणजे ११११११११ × १० + १. आठ एकांची संख्या ११ × ७३ × १०१ × १३७ अशी फुटते. म्हणून या चौघांनी भागलं की १११११११११ मधून १ उरतो, आणि १ चा वर्ग १ च. ठेवण आधी ओळखली असती तर त्या तिन्ही बेरजा करायचीही गरज नव्हती.

नऊ एकांची फोड

आता सतरा अंकी संख्येचं काम नऊ अंकी संख्येवर आलं. फोडताना पुन्हा गट बघा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. पहिला भाग १११ = ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून १००१००१ = ३ × ३३३६६७. तर

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७.

इथे बहुतेक जण अडकतात. ३३३६६७ मूळ आहे की अजून फुटते? वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एकशे सहा भागाकार हाताने करायचे म्हणजे दुपार काय, रात्रही पुरणार नाही. पण ते करावे लागत नाहीत. कसं ते नीट बघा, कारण या सगळ्या खटाटोपात शिकण्यासारखं हेच आहे.

एखाद्या मूळ संख्येने १ ला भागत गेलात की दशांश अपूर्णांक पुन्हा पुन्हा येतो. १/३७ = ०.०२७०२७०२७, तीन अंकांचा फेरा. १/७ = ०.१४२८५७१४२८५७, सहा अंकांचा फेरा. नियम असा की २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येचा फेरा तिच्याहून एकाने लहान संख्येला नि:शेष भागतो. ३७ चा फेरा ३, आणि ३ ने ३६ ला भाग जातो. ७ चा फेरा ६, आणि ६ ने ६ ला. सतराव्या शतकात फर्माने सांगितलेल्या प्रमेयातून हे निघतं.

दुसरा नियम: नऊ ९ लिहून झालेल्या संख्येला, ९९९९९९९९९ ला (म्हणजे आपल्या नऊ एकांच्या नऊपटीला), ज्या मूळ संख्येने भाग जातो तिचा फेरा १, ३ किंवा ९ अंकांचाच असतो. एक अंकी फेरा फक्त ३ चा. तीन अंकी फेरा असणारी ९९९ ला भागणार, म्हणजे ती ३७ च. बाकी जी कोणी असेल तिचा फेरा नऊ अंकी. म्हणून तिच्यातून १ वजा केला की ९ ने भाग जायला हवा. शिवाय ती विषम, म्हणून १ वजा केल्यावर २ नेही. थोडक्यात, १८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्याच बघायच्या. ३३३६६७ चे काही तुकडे पडत असतील तर ते यातूनच येणार. ३ तर अंकांच्या बेरजेवरूनच बाद होतो, बेरीज २८ आहे.

५७७ पर्यंत अशा संख्या किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. एकशे सहाचं काम सतरावर आलं.

आता भागा. १९ ने ८ उरतात. ३७ ने १ उरतो, थोडक्यात हुकलं. ७३ ने ५७. १०९ ने १८. १२७ ने ३८. १६३ ने ६. १८१ ने ८४. असं करत ५२३ ने ५१६ उरतात, म्हणजे सातच कमी पडले. शेवटी ५७७ ने १६१. एकानेही भाग जात नाही, ३३३६६७ मूळ ठरली. तिचा फेरा बघायचा तर ९९९९९९९९९ ला ३३३६६७ ने भागा, २९९७ येतात, म्हणून १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७ असं चालू राहतं. हे २९९७ आपल्याला मघाशी गटांच्या बेरजेतही भेटले होते.

विभाजक, हर्षद, भरती-ओहोटी

वर्ग करायचा म्हणजे घातांक दुप्पट करायचे. आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, आणि येणारच, कारण वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गमूळाला स्वतःखेरीज जोडीदार नसतो. विभाजक सम आले तर समजा कुठेतरी घोळ झालाय.

३⁴ म्हणजे ८१, तर ८१ ने भाग जातो हे आता खात्रीने कळलं. अंकांची बेरीजही ८१. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या हे नाव दिलं, तेव्हा आपली संख्या हर्षदही आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग आहे.

स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येएवढी भरली की ती परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. आपली भरते का ते बघायला पंचेचाळीस विभाजक लिहू नका. प्रत्येक मूळ अवयवाच्या १ पासूनच्या घातांची बेरीज त्यातल्या सगळ्यात मोठ्या घाताने भागा आणि आलेल्यांचा गुणाकार करा. ३ साठी १२१ भागिले ८१, ३७ साठी १४०७ भागिले १३६९, तिसऱ्याचा हिस्सा जवळजवळ १. गुणाकार सुमारे १.५३५. हा आकडा २ ला पोचला तर परिपूर्ण, ओलांडला तर भरती, कमी असेल तर ओहोटी. आपल्याकडे ओहोटी. दापोलीच्या पिनकोडाला मात्र भरती आहे: स्वतःला सोडून त्याच्या विभाजकांची बेरीज ४७७८८० होते.

दोन वर्गांची बेरीज

हा माझा लाडका भाग. नियम फर्माचाच: ४ ने भागून ३ उरणारा मूळ अवयव विषम घातांकाने आला असेल तर संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही. दापोलीच्या पिनकोडात ११ एकदाच आहे आणि ११ ला ४ ने भागून ३ उरतात, म्हणजे दापोलीचं जमत नाही. आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३३३६६७ दोन वेळा, दोन्ही सम. आणि ३७ ला ४ ने भागून १ उरतो, तो कामाचा माणूस.

३७ = ६² + १². यावरून ३७² = ३५² + १२² मिळतं: ६² उणे १² म्हणजे ३५, आणि ६ × १ ची दुप्पट म्हणजे १२. आता उरलेल्या अवयवांनी दोघांना गुणा. ३² × ३३३६६७ = ३००३००३. त्याला ३५ ने गुणलं की १०५१०५१०५, १२ ने गुणलं की ३६०३६०३६. तर

१२३४५६७८९८७६५४३२१ = १०५१०५१०५² + ३६०३६०३६².

म्हणजे नऊ एकांचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण, त्याच्या बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६. सगळ्या पूर्णांकात. पडताळा घ्यायचा तर पूर्ण वर्ग करत बसू नका, ३००३००३ सामाईक काढा, मागे १२२५ + १४४ = १३६९ उरतं.

कुठे थांबायचं

ही संख्या फुटली कारण तिची ठेवण उघड होती. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून कुणी तुमच्या हातात नुसतं उत्तर ठेवलं तर यातली एकही युक्ती चालायची नाही. बँकांच्या संकेतस्थळांची कुलुपं याच अडचणीवर उभी राहिली. १९७७ साली आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या फुटायला १९९४ उजाडलं, २५० अंकी एक २०२० साली फुटली, आणि दोन्ही वेळा असंख्य संगणक एकत्र लावावे लागले. संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर ते मात्र बरंच सोपं. त्याची सर्व संख्यांना लागू पडणारी खात्रीची जलद रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. फुटते हे कळणं वेगळं आणि कशी फुटते हे कळणं वेगळं.

आता तुमच्यासाठी धाकटी बहीण: १२३४५६७६५४३२१. तेरा अंक, म्हणजे सात एकांचा वर्ग. १११११११ फोडायची. सात ही मूळ संख्या, त्यामुळे इथे फेरा सात अंकीच येणार, आणि १४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्याच बघायच्या: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठव्या भागाकाराला भाग जातो आणि ४६४९ उरतात. त्यांचं वर्गमूळ ६८ च्या जवळ, तेव्हा २९ आणि ४३ एवढे दोनच भागाकार केले की ४६४९ मूळ आहे हे ठरतं.